आपल्या घराचं कार्ड

बैठक रविवारी दुपारी चारला ठरली होती आणि ताईला निरोप आला तो असा: येताना पेट्या घेऊन ये. 'तू ये' असं त्यात कुठे नव्हतं. पेट्या काही स्वतःच्या पायांनी चालत येत नाहीत, तेव्हा ताई येणारच, हे निरोप धाडणाऱ्यानं धरून चाललेलं असावं. या घरात ताईच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी अशाच धरून चाललेल्या होत्या.

चार लाकडी पेट्या. प्रत्येकीत तीनशेच्या आसपास कार्डं, वॉर्ड सातमधल्या एकेका घराचं एकेक. एका वेळी एकच पेटी उचलवत होती म्हणून तिनं गल्ली ओलांडून चार खेपा केल्या. गल्ली असेल वीस पावलांची. अलीकडे वॉर्डाचं ऑफिस, ऑफिसच्या डोक्यावर तिची खोली. पलीकडे शाळेची लांबच लांब भिंत आणि भिंत संपते तिथे घर. वय एकसष्ट, आणि गुडघे वयापेक्षाही जुने. चौथ्या खेपेला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं, ताई, घरात कुणी नाही का उचलायला? आहेत ना, सगळे आहेत, ती म्हणाली आणि पेटी पोटाशी धरून पायऱ्या चढली.

सगळे म्हणजे तिघे. भाऊ जाऊन आठ महिने झाले होते. टेबलाच्या टोकाला त्याची खुर्ची तशीच होती आणि तिच्याकडे न बघण्याचा तिघांचाही कसोशीनं प्रयत्न चालला होता. खिडकीशी वहिनी, म्हणजे भाऊची बायको. समोर तिचा मुलगा वकील, पुढ्यात कोरा उमेदवारी अर्ज आणि दोन पेनं, एक चाललं नाही तर दुसरं असावं म्हणून. आणि दाराजवळ धाकटा, ताईचा दुसरा भाऊ, ज्याचं नळाच्या सामानाचं दुकान होतं आणि वयाची पंचावन्नी उलटली तरी ज्याला घरात धाकटा हेच नाव होतं. चौथी खुर्ची नव्हती. ताई स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन बसली. स्टूल कुठे असतं ते तिला ठाऊक होतं, आणि आण म्हणून कुणी सांगावंही लागलं नाही.

तिला एक गोष्ट सांगायची होती. काल संध्याकाळपासून ते गुपित घेऊन ती हिंडत होती. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी केलेली भाजी तशीच झाकून ठेवलेली होती. घरात पाऊल टाकताच सांगून मोकळं व्हायचं असं तिनं जिन्यात तीनदा ठरवलं होतं.

"मला जरा यादीबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली.

"यादीचं नंतर गं, ताई," धाकटा म्हणाला. "आधी माणूस तर ठरू दे."

आणि माणूस ठरायला लागला.

आता वॉर्ड सातमध्ये माणूस ठरणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. पंचेचाळीस वर्षं, नऊ निवडणुका, आणि नऊच्या नऊ वेळा नगरसेवक याच घरातला. पाच वेळा बाबा, चार वेळा भाऊ. बाबा मुळात नळदुरुस्तीवाले. ज्या काळी वॉर्डात नळ कमी आणि गळती जास्त होती, त्या काळी ते घरोघर जायचे आणि वायसरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवायचे, कुणाचा नळ, कुठला वायसर, पुन्हा केव्हा गळेल. नळ दुरुस्त होईपर्यंत माणूस बोलतो. म्हातारीचे डोळे, पोरीची नोकरी, शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडण, तेही मग पुठ्ठ्यावर यायला लागलं. पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पालिकेला या वॉर्डाबद्दल ठाऊक नाही इतकं आपल्या पुठ्ठ्यांना ठाऊक आहे. फक्त अक्षर असं, की त्यांचं त्यांनाही लागेना. सोळा वर्षांच्या मुलीचं अक्षर सुरेख होतं. तिला बसवलं लिहायला. एवढी निवडणूक होऊ दे, म्हणाले, मग तुझं कॉलेजचं बघू.

ती बसली ती बसलीच. तिसऱ्या निवडणुकीच्या वेळी तिला स्थळ आलं होतं, जमीनमोजणी खात्यातला माणूस, बोलायला शांत. एवढी निवडणूक होऊ दे, बाबा म्हणाले. त्या निवडणुकीत बाबांना आणि शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना सारखी मतं पडली, अगदी एकालाही एक जास्त नाही. चिठ्ठ्या टाकल्या, बाबांची निघाली, मास्तर कोर्टात गेले, आणि दोन वर्षं साक्षीपुराव्यांत गेली. मोजणीवाला तेवढा थांबला नाही, आणि त्याचा काही दोष नव्हता. चौथ्या निवडणुकीनंतर कुणी विचारायचंच थांबलं. अकरा वर्षांपूर्वी वकिलाला अभ्यासाला खोली हवी होती म्हणून ताई तात्पुरती ऑफिसच्या वर राहायला गेली. एवढी निवडणूक होऊ दे, भाऊ म्हणाला होता, गच्चीवर तुला झकास खोली बांधू. त्यावर दोन निवडणुका झाल्या. गच्चीवर पाण्याची टाकी आली.

तर माणूस ठरत होता. धाकट्याचं म्हणणं, वहिनीनं उभं राहावं. गेलेल्या माणसाची बायको, लोक हळहळतात, विरोधात कोण बोलणार? सभा, कागद, धावपळ सगळं मी बघतो, तिनं फक्त हात जोडायचे. वकील म्हणाला, आईची तब्येत बरी नसते. वहिनीची तब्येत ठणठणीत होती, पण तिच्या तब्येतीबद्दल दोघांनी मिळून दहा मिनिटं काळजी केली. मग वकिलानं भाऊचं शेवटचं वर्ष काढलं: दवाखान्यातून कागद कोण आणत होतं, पालिकेत भाऊच्या सह्या घेऊन कोण जात होतं. धाकट्यानं त्याला आठवण दिली, की पाइपलाइन फुटली तेव्हा चिखलात कोण उतरलं होतं, आणि कोण तेव्हा कोर्टात सुट्टीचा अर्ज लिहीत होतं.

ताई ऐकत होती. पाइपलाइन फुटली तेव्हा खालच्या आळीतल्या बत्तीस घरांत पिण्याचं पाणी कुठून पोचवायचं ते तिनं ठरवलं होतं, कारण कुठल्या घरात तान्हं मूल आहे आणि कुठे अंथरुणाला खिळलेलं माणूस, ते कार्डावर होतं. पण अशा वेळी बोलायची तिची सवय मोडून जमाना झाला होता.

"मी राहते उभी," वहिनी म्हणाली.

खिडकीबाहेर बघतच म्हणाली. धाकट्यानं तिला उभं राहायला सांगितलं होतं खरं, पण ती हो म्हणेल असं त्याच्या हिशेबात नव्हतं. "आणि धावपळ कुणी बघायला नको. मी बघेन. तीस वर्षं या टेबलावर मीच चहा ठेवला, कान काही स्वयंपाकघरात ठेवून आले नव्हते."

मग गंमत बघा. पाच मिनिटांपूर्वी वहिनीसाठी भांडणारा धाकटा म्हणाला, तसं पाहिलं तर तरुण रक्त हवं, जमाना बदललाय, पोराला संधी द्यायला पाहिजे. आणि आईच्या तब्येतीची काळजी करणारा वकील आईकडे असा बघायला लागला, जणू तिनं भर रस्त्यात त्याला ओळख दिली नाही. काका-पुतणे एका बाजूला, वहिनी एकटी दुसऱ्या. ताईला वाटलं, आता सांगावं. आणखी ताणलं तर तुटेल.

"एक मिनिट," ती म्हणाली. "यादीत ना..."

"आत्या, चहाचं बघतेस का प्लीज?" वकील म्हणाला. "डोकं दुखायला लागलं."

ती उठली. स्वयंपाकघरात आधण ठेवून ओट्याला टेकून उभी राहिली. साखरेचा डबा तिनं दोनदा उघडून मिटला, आणि त्याचं कारण चहा सांगितला हे नव्हतं. चूक तिची होती. पंचेचाळीस वर्षांत यादीची एक चूक तिच्या हातून झाली नव्हती, आणि झाली ती अशी, की ऐकणाऱ्यानं हसावं का रडावं.

झालं होतं असं. तीन महिन्यांपूर्वी पालिकेनं वॉर्डांच्या हद्दी नव्यानं आखल्या. नकाशा पालिकेच्या भिंतीवर लागला, हरकती द्यायला महिन्याची मुदत. ताईनं चार दिवस रिक्षातून पेट्या नेल्या, नकाशासमोर उभी राहिली आणि एकेक कार्ड लावून पाहिलं. हे घर राहिलं, हे गेलं, हे नवीन आलं. दोनशे बारा घरं गेली. सात घरांसाठी तिनं हरकती दिल्या, तीन मान्य झाल्या, त्यातल्या एका म्हातारीनं तिचा हात धरून मुका घेतला. कामगिरी चोख.

फक्त पेटीत चाळीसनंतर बेचाळीस यायचं. एक्केचाळीस हे आपलं घर. त्याचं कार्ड कधी केलंच नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, तेव्हा बाबा हसले होते. आपल्या घराचं काय लिहायचं? आपली मतं कुठे पळून जातात? आणि जे कार्डावर नव्हतं ते तिनं नकाशात शोधलं नाही. नवी रेघ गल्लीच्या मधोमध गेली होती. शाळेची भिंत पलीकडे गेली आणि भिंतीच्या टोकाचं एकुलतं एक घर तिच्याबरोबर वॉर्ड आठमध्ये गेलं. काखेत कळसा म्हणतात तो हा. काल संध्याकाळी अंतिम मतदार यादीत वकिलाचा नंबर शोधायला बसली तेव्हा तिला आधी वाटलं, पानं कमी आहेत. तिनं पानं मोजली. पानं बरोबर होती.

चहाचे चार कप घेऊन ती आली तेव्हा ठरलं होतं. वकीलच. वहिनी हरली होती, म्हणजे दोघांनी मिळून तिला प्रेमानं गप्प केलं होतं, आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघत होती. वकिलानं अर्ज पुढे ओढला, पहिलं पेन चाललं नाही, दुसरं घेतलं, नाव लिहिलं.

"आत्या, माझा यादीतला नंबर?"

"नाही," ताई म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"तुझं नाव नाही. वहिनीचं नाही. याचंही नाही. आपलं घर वॉर्डात नाही." मग तिनं सगळं सांगितलं, रेघ, भिंत, मुदत, एक्केचाळीस. सांगताना ट्रे हातातच राहिला होता. "चूक माझी आहे. कुणाला बोल लावायचा तर मला लावा."

या गावचा नियम साधा होता: ज्या वॉर्डातून उभं राहायचं त्याच वॉर्डाच्या यादीत नाव पाहिजे. नियम सगळ्यांना पाठ होता. त्याच नियमावर बोट ठेवून भाऊनं एकदा एका उपऱ्याचा अर्ज बाद करवला होता आणि घरी येऊन पोट धरून हसला होता.

पहिला बोलला धाकटा. तुला एवढं एक काम दिलं होतं, तो म्हणाला. ताईनं मान डोलावली. एवढं एक काम पंचेचाळीस वर्षं चाललं होतं, पण ते खरंच होतं. वकिलानं मुदतवाढ, अपील, स्थगिती असे शब्द एकामागून एक काढून पाहिले आणि एकेक खाली ठेवला. गुरुवारी अर्ज भरायची मुदत संपत होती. वहिनी हसायला लागली. वेड्यासारखी नाही, हळूच, तोंडावर पदर धरून. "तासभर भांडलो," ती म्हणाली. "आणि उभं राहायला पायाखाली जमीनच नाही."

"थांबा," वकील म्हणाला. पेट्यांबरोबर आलेली यादी त्याच्या हातात होती आणि बोट एका ओळीवर. "आत्याचं नाव आहे."

असणारच. ऑफिसवर राहायला गेली त्याच महिन्यात तिनं स्वतःचा अर्ज भरून नाव तिकडे लावून घेतलं होतं. जिथे झोपतो तिथे नाव, असं ती अख्ख्या वॉर्डाला सांगत आली होती, तेव्हा स्वतःला वेगळा न्याय कसा लावणार? भाऊ तेव्हा म्हणाला होता, कशाला उगाच, तात्पुरतं तर आहे. तिनं तरी लावलं.

आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. ताईला काय वाटलं ते सांगायचं तर, तिला आनंद झाला. असा वेडा आनंद, की तिला त्याची लाजच वाटली. कुणीतरी विचारणार होतं. कसंही का होईना, अडलं म्हणून का होईना. तिनं ट्रे खाली ठेवला.

"झालं तर मग," वकील म्हणाला. अर्जावरचं स्वतःचं नाव पाहून त्यानं तो फाडला, पिशवीतून दुसरा काढला. "नाव आत्याचं. काका, तुम्ही बाहेरचं बघा, मी पालिकेचं. भाषणं मीच करीन, लोकांना सांगू, तिला बोलायची सवय नाही. निवडून आल्यावरही तसंच. सह्या तिच्या, काम आपलं."

धाकट्याला ते पटलं. काका-पुतण्यांचं इतकं जमलेलं ताईनं कधी पाहिलं नव्हतं. पोस्टरवर भाऊचा फोटो मोठा, बाबांचा त्याच्या मागे, तिचा खाली एका कोपऱ्यात, नाहीतर नकोच. पेट्या दुकानात हलवू म्हणजे हाताशी राहतील. सूचक म्हणून वॉर्डातला एक मतदार लागेल सहीला, कुणीही गाठता येईल. अर्ज तिच्यापुढे सरकला, पेनासकट.

"आत्या, इथे सही कर."

तिनं पेन उचललं नाही. "मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली.

"काय विचारायचं?"

"उभी राहशील का म्हणून."

वकील गोंधळला. वाईट मुलगा नव्हता तो. लहानपणी तिच्या मांडीवर बसून कार्डावरच्या, आपल्या मतांच्या निळ्या खुणा मोजायचा. "आत्या, घरातलीच गोष्ट आहे ही. विचारायचं काय त्यात?" त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि ते तिला शिव्या दिल्यापेक्षा जास्त लागलं.

तिनं अर्जाची घडी घातली. सूचक मी आणते, म्हणाली. पेट्या आहेत तिथेच राहतील, मी नंतर नेईन, आणि कुणी दुकानात न्यायच्या नाहीत. आवाज चढला नव्हता. वहिनी मात्र खिडकी सोडून तिच्याकडे बघत होती.

ताई मागच्या आळीत, चिठ्ठीत हरलेल्या त्या गणिताच्या मास्तरांकडे गेली. दुसरं कुणी सुचलं नाही असं नाही. इस्त्रीवाल्यानं उभ्या उभ्या सही केली असती, शिंपीणबाईनं केली असती, निम्म्या वॉर्डानं केली असती. पण त्या सगळ्यांना तिनं कधी ना कधी काही मिळवून दिलं होतं, आणि आज तिला उपकाराची सही नको होती. मास्तरांना या घरानं आयुष्यात काही दिलं नव्हतं. सहा वेळा पाडलं होतं.

मास्तर पंचाहत्तरीचे, एकटे. जिन्यात दिवा नव्हता, ती भिंत चाचपत वर गेली. खोलीत एक पलंग, पुस्तकं, आणि भिंतीवर सहाही निवडणुकांचे आकडे त्यांच्याच हातचे, चौकटीत लावलेले. तिसऱ्या ओळीत दोन सारखे आकडे शेजारी शेजारी. तिनं त्यांच्या उजव्या बाजूला बसून सगळं सांगितलं.

"कुणाकडून आलीस?" त्यांनी विचारलं. "घराकडून का स्वतःकडून?"

"अजून ठरलं नाही, मास्तर."

"उभं राहायचंय तुला?"

पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला, आणि विचारला तो विरोधकानं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. "हो," ती म्हणाली. "मला हवंय. माझं नाव, माझं काम. पुठ्ठे हाताळणाऱ्या बाईला काय कळतं म्हणाल तर म्हणा."

मास्तरांनी आधी चष्मा शोधला, अर्ज वाचला, अगदी खालची बारीक अक्षरंसुद्धा. मग म्हणाले, "माझं कार्ड आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"काय लिहिलंयस?"

"डावा कान गेलाय, उजवीकडून बोलावं. जिन्यातला दिवा पालिकेकडे तीनदा मागितला, मिळाला नाही. मत आपलं नाही."

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिनं उठून पाणी दिलं. "शेवटचं खोडावं लागेल," ते म्हणाले आणि सही केली, गणिताच्या वहीत करायचे तशी, तारखेसकट. उमेदवाराची सही तिनं त्यांच्याच पेनानं केली. ती निघाली तेव्हा दारापर्यंत आले. "एक हिशेब सांगू? तुझ्या घरातल्या कुणाचंच मत तुला पडायचं नाही. वॉर्ड आठची ती."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "ती मी कधी मोजलीच नव्हती, मास्तर," ती म्हणाली, आणि जिना उतरताना तिला कळलं की हे खरं नाही. रोज मोजत होती.

घरासमोरून जाताना आत आवाज चालला होता, काका-पुतणे प्रचारासाठी आळ्या वाटून घेत होते. ती आत गेली नाही. आपल्या खोलीत आली, खिडकी उघडली. सूर्य शाळेच्या भिंतीआड गेला होता, पण लिहिण्यापुरता उजेड होता. तिनं कोरं कार्ड घेतलं आणि सवयीच्या अक्षरात लिहायला लागली. घर एक्केचाळीस. माणसं: इथे ती थांबली. मग लिहिलं, तीन. गरज: धाकट्याला, कुणीतरी त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकावं. मुलाला बापाची खुर्ची हवी, पण त्याआधी बापासाठी एकदा रडायला हवं, अजून रडलेला नाही. वहिनी दुपारी भाऊचा चष्मा पुसत खिडकीत बसते, बोलायला कुणी नाही. हे सगळं तिला वीस पावलांवरून दिसत होतं आणि तिनं कुठे लिहिलं नव्हतं, कारण ते आपलं घर होतं. मत: वॉर्डाबाहेर.

जिन्यावर पावलं वाजली. अनोळखी पावलं, पायरी न पायरी अंदाज घेणारी. दारात वहिनी उभी राहिली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा वर आली होती.

खोलीत एकच खुर्ची होती, ताईनं ती तिला दिली आणि स्वतः पलंगावर बसली. वहिनी बसली आणि बघत राहिली. एक पातेलं, एक ताट, दांडीवर दोन साड्या, झाकून ठेवलेली भाजी. भिंतीवर वॉर्डाचा जुना नकाशा. खिडकीतून समोर तिचीच खिडकी.

"इथून मी दिसत असेन तुम्हाला," वहिनी म्हणाली.

"दिसतेस."

"हाक मारायची होतीत."

"तूही मारायची होतीस," ताई म्हणाली. रागानं नाही.

खाली ऑफिसच्या नळाचं पाणी थेंब थेंब बादलीत पडत होतं. नळवाल्याच्या घराण्याचं ऑफिस, आणि त्याचा वायसर गेलेला. वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ताई, घरी चला राहायला. मला कुणी पाठवलेलं नाही. ते दोघं अजून आळ्या वाटतायत. भाऊंची खोली रिकामी आहे, मला त्या घरात आता एकटीला..." तिनं ताईचं मनगट धरलं. "चला. आत्ता चला."

हेच ऐकायचं होतं. अकरा वर्षं, कोण जाणे, कदाचित पंचेचाळीस. हो म्हणायचं तिच्या ओठावर तयार होतं, किती तरी दिवसांपासून तयार होतं. फक्त या दारातून त्या दारात जायचं, वीस पावलं, मधे पालिकेची एक रेघ. आणि ताईच्या लक्षात आलं, की ती वीस पावलं टाकली की यादीतल्या तिच्या नावावर कुणीही बोट ठेवू शकेल. उपऱ्याच्या नावावर भाऊनं ठेवलं होतं तसं. जिथे झोपतो तिथे नाव.

"एवढी निवडणूक होऊ दे," ती म्हणाली.

शब्द बाहेर पडल्यावर ते तिला ऐकू आले. बाबांच्या तोंडचे, भाऊच्या तोंडचे. वहिनीनंही ते तीस वर्षं त्या घरात ऐकले होते, कुणाला म्हटले जात होते तेही. बरं, एवढंच ती म्हणाली, उठली, आणि जिना तसाच अंदाज घेत उतरली.

ताईनं खिडकीतून तिला गल्ली ओलांडताना पाहिलं. समोरचं दार लागलं. मग तिनं कार्डावर 'माणसं'पुढचं तीन एकदा वाचलं, खोडलं नाही, आणि उद्या पेट्या परत आणल्या की ते कार्ड चाळीस आणि बेचाळीसच्या मधे लावायचं म्हणून उशीखाली ठेवलं.